आतले माप

आमच्या घरातले गाणे नेमके केव्हा बंद झाले, हे सांगता येणार नाही. वडील, म्हणजे आमचे नाना, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करून पस्तीस वर्षे सांगली-मिरज परिसरात तबला वाजवत होते. साथीचा तबला. एकल वादन त्यांनी कधी केले नाही आणि तशी इच्छाही बोलून दाखवली नाही. सत्तरी उलटल्यावर बोटे आखडली, वाजवणे थांबले. ऐकणे चालू होते, मग तेही थांबले. संगणकापुढच्या मुठीएवढ्या स्पीकरांवर मी त्यांच्यासाठी काही लावले, की ते पाच मिनिटे बसत आणि ‘राहू दे’ म्हणून उठून जात. वय झाले की माणसाचे मन उडते, असा अर्थ मी लावला. मराठीच्या प्राध्यापकाला अर्थ लावायला वेळ लागत नाही.

माळ्यावर १९८८ च्या गणेशोत्सवातली एक कॅसेट सापडली. नाट्यगीतांचा कार्यक्रम, गाणारे गावातलेच एक वकील, तबल्यावर नाना. ती संगणकात उतरवून घेतली आणि ऐकली. पेटी होती, गाणे होते, चाटेची टिकटिक होती, डग्गा जवळजवळ नव्हता. मला आश्चर्य वाटले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे. विशीत असताना हीच कॅसेट घरच्या एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर ऐकून मी मनाशी निकाल देऊन ठेवला होता, की नानांचा उजवा हात स्वच्छ आहे, डावा बेताचा. त्यांना तसे कधी बोललो नाही. पण त्यानंतर त्यांच्या कार्यक्रमांना मी फारसा गेलो नाही, तेव्हा न बोलण्याचे पुण्यही माझ्या खात्यावर नाही.

पुढे कानाच्या डॉक्टरांनी नानांच्या श्रवणाचा आलेख काढला. डावीकडे, खालच्या कंपनसंख्यांपाशी, रेष बरीच शाबूत होती. १००० हर्ट्झनंतर ती कलू लागली आणि २००० च्या पुढे घाटरस्त्यासारखी उतरत गेली. वयाने कान जातो तो बहुधा असाच, वरून खाली. डॉक्टरांनी श्रवणयंत्र सुचवले. ते घेतले, आणि ते कपाटात राहते. पण त्या कागदाकडे बघताना मला दुसरेच काही दिसले. माझ्या टेबलावरचे स्पीकर दोनशे हर्ट्झच्या खाली फारसे काही देत नाहीत. डग्ग्याचा मूळ स्वर शंभराच्या खालीवर असतो. स्पीकर जे देत होते त्यातले बरेचसे नानांना ऐकू येत नव्हते आणि नानांना जे ऐकू आले असते ते स्पीकर देत नव्हते. या दोहोंमध्ये उरलेल्या अरुंद पट्टीवर आम्ही त्यांना गाणे ऐकवत होतो आणि वर त्यांचे मन उडाले म्हणत होतो.

तरुण कानालाही हे चटकन का कळत नाही, याचे कारण मजेदार आहे. स्वराचा मूळ कंप गाळला आणि त्याच्या वरचे उपस्वर ठेवले, तर गाळलेला स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. वर्गात वीस वर्षे मी आनंदवर्धनाचा ध्वनिसिद्धांत शिकवतो, न उच्चारलेला अर्थ कसा उमटतो ते सांगतो. आणि तीस वर्षे एका व्यंजित डग्ग्यालाच खरा डग्गा समजून त्याच्यावर टीका करत आलो होतो.

स्पीकर विकत घ्यावेत म्हणून आधी दुकाने पालथी घातली. एकेकाळी या धंद्यात पीएमपीओ नावाचा वॅटचा आकडा छापत. तळहाताएवढ्या डब्यावर ‘१००० वॅट’ लिहिलेले असे. तो आकडा आता फारसा दिसत नाही, वृत्ती मात्र शिल्लक आहे. दहा बाय बाराच्या खोलीत खरे तर एक-दोन वॅटवर काम भागते. आकार आणि पेटी यांविषयी विचारले की विक्रेता दिव्यांचे रंग दाखवी. जे ऐकून बरे वाटले ते अ‍ॅम्प्लिफायरसह तीस हजारांच्या पुढे जात होते. तेव्हा पेटी आपणच करावी असे ठरले. यात काटकसर होती तेवढाच अहंकारही होता.

नवशिक्याने दोन-तीन स्पीकर आणि त्यांच्यात सूर वाटून देणारे क्रॉसओव्हर यांच्या नादी लागू नये, असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो बरोबर आहे. एका पेटीत एकच, सगळे सूर काढणारा स्पीकर घ्यावा. मुंबईला पेपर तपासणीसाठी गेलो असताना लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, पाच इंची कागदी शंकूची जोडी चोवीसशेला मिळाली. टीपीए ३११६ या चिपची छोटी अ‍ॅम्प्लिफायर-पाटी सातशेला. तिला वीज द्यायला मुलीच्या मोडक्या लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा चार्जर होताच.

खरी गोम पेटीत असते. नुसता स्पीकर हवेत धरून वाजवला तर खर्ज ऐकूच येत नाही: शंकू पुढे हवा दाबतो तेव्हा मागची हवा विरळ होते आणि कडेवरून दोन्ही एकमेकांना मारून टाकतात. मागची बाजू कोंडण्यासाठी पेटी. पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी शंकूला मागे ढकलते, म्हणून पूर्वी पेट्या अवाढव्य करत. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी हा दोषच कामाला लावला. शंकूची स्वतःची ताठर लवचीकता सैल करून त्याला मुख्यतः या हवेच्या स्प्रिंगवरच तोलले, आणि शेल्फावर मावणाऱ्या पेटीतून खर्ज काढला. विल्चर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीच्या पुनर्निर्मितीवर शिकवत असत, याचा मला उगाच अभिमान वाटतो. पुढे ते श्रवणयंत्रांकडे वळले. हळू आवाज अधिक वाढवायचा आणि मोठा कमी, ही पट्ट्या-पट्ट्यांनी करायची युक्ती त्यांनी १९७३ मध्ये मांडली. माझ्या दोन्ही अडचणींवर एकाच माणसाने आयुष्य घालवले होते.

कोणत्या स्पीकरला किती हवा लागते याचे गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी बसवून दिले. दोघांच्या नावांनी ओळखले जाणारे आकडे चांगल्या स्पीकरच्या कागदावर असतात. माझ्या कागदावर स्पीकरचा मोकळा कंप ५५ हर्ट्झ होता. पेटीत घातल्यावर तो वर चढतो. किती चढतो, हे पेटी ठरवते. आकडेमोडीत नऊ लिटर आले. वीस, अठरा आणि पंचवीस सेंटिमीटर. मी कागदावर चौकट काढून सुताराकडे दिली.

‘सर, माप आतलं का भाइरलं?’

हा प्रश्न त्याने विचारला होता, हे मला स्पष्ट आठवते. ‘बाहेरचं,’ मी म्हणालो. कपाटाचे माप बाहेरचेच देतात ना! प्लायवूड अठरा मिलिमीटरचे. दोन्ही अंगांनी ते वजा केले की आत उरते ते जेमतेम पाच लिटर. आमचे गणित जिथे ८८ हर्ट्झ म्हणत होते, तिथे पेटी १०७ वर जाऊन बसली. मला हे पेट्या पॉलिश करून, भिंतीला लावून, आठवडाभर ऐकून झाल्यावर कळले. आवाज आधीपेक्षा कितीतरी बरा होता, तरी डग्गा उंबऱ्यापर्यंत येऊन आत येत नव्हता. नानांनी दहा मिनिटे ऐकले. पूर्वीपेक्षा पाच मिनिटे जास्त.

सुतार मिरजेचा. त्याचा चुलता तंतुवाद्यांच्या कारखान्यात होता, त्यामुळे दुसऱ्या जोडीच्या वेळी त्याने मला फैलावर घेतले. मी पेटीला आतून आडवी पट्टी ठोकायला सांगत होतो, कडा फेव्हिकॉलने बुजवायला सांगत होतो, जुन्या उशीतला कापूस भरत होतो. बोटाच्या पेराने ठोकून तो म्हणाला, ‘ही तर मुकी झाली की सर. लाकूड बोलाया नको?’ मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा निवडताना तो बोलतो का हेच बघतात. मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भोपळ्यांनी या गावाचे नाव केले. स्पीकरची पेटी मात्र बोलली तर बिघडली. तिने स्वतःचे काहीही म्हणायचे नसते, दुसऱ्याचे जाऊ द्यायचे असते. हे सांगताना मला नानांची आठवण झाली, पण साथीदार मुका नसतो, तेव्हा ती उपमा मी तिथेच सोडली.

नऊ लिटरच्या पेट्या आल्या. आतले नऊ. पहिल्या जोडीसकट सगळा खर्च साडेसात हजारांच्या घरात गेला. खर्जाला भिंतीचा आधार मिळतो म्हणून पेट्या भिंतीलगत ठेवल्या. कोपऱ्यात तो आणखी साचतो, आणि नानांचा दिवाण नेमका कोपऱ्यात आहे. एरवी ही खोड दोष मानतात.

कॅसेट लावली. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला मनगट दाबून ओढलेला एक घिस्सा आला. मी तो आयुष्यात प्रथम ऐकत होतो. त्यामागोमाग शब्दांच्या मधल्या जागा डग्ग्याने भरत गेल्या. वकील श्वास घेत तेवढ्यात खालून कुणीतरी त्यांना सावरून धरत होते. बेताचा डावा हात म्हणून मी ज्याला तीस वर्षे बाजूला ठेवले तो हा.

नाना उठले नाहीत. डोळे मिटून बसले होते. डावा तळवा दिवाणाच्या कडेवर होता.

‘डग्गा उतरलाय,’ ते म्हणाले. ‘पाऊस होता त्या दिवशी. चामडं सैल पडलं होतं.’

गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, ‘चाट ऐकू येते तुला?’

‘येते.’

‘मला नाही येत. कशी आहे?’

‘स्वच्छ आहे, नाना. पण शेवटच्या अंतऱ्यात लय चढलीय तुमची.’

‘ते मला तेव्हाच कळलं होतं,’ नाना म्हणाले. ‘पुढचं लाव.’