पव्वा

अंगाने एवढासा. 180 मिलिलिटर. पायजम्याच्या खिशात मावतो, बंडीच्या आतल्या खिशात असला तर दिसतही नाही. देशी दारूच्या दुकानात त्याला कुणी नावाने मागत नाही. नोटा सरकवायच्या, एक बोट वर करायचं. सोबतीला फुटाण्याची पुडी, डिस्पोजल ग्लास, पाण्याचा पाऊच. सोयाबीनचे पैसे हाती आले की चिखली-मेहकरकडे त्याची चलती असते. पोळ्याला तर बैलांच्या पाठीवर झूल, आणि मालक आपला आपण झुलतो.

बोलायला गरीब. "पव्वाच तं घेतला, काई होत नाई," हे वाक्य त्यानेच शिकवलेलं. लेबलवर मात्र बारीक अक्षरात खरं लिहिलेलं असतं: 42.8 टक्के. म्हणजे एवढ्याशा बाटलीत साठेक ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. रात्री नऊला पोटात गेलेला पव्वा पहाटे तीनपर्यंत, कुणाच्या अंगात साडेपाचपर्यंतही मुक्कामाला असतो. आंघोळ करा, लिंबू पिळा, काळा चहा घ्या. यकृत आपली चाल बदलत नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर सापडलं की गाडी चालवणं गुन्हा, मग दुधाचे कॅन घेऊन निघालेला माणूस स्वतःला कितीही शुद्धीत समजो.

निर्धोक असा घोटच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगून टाकलं. तरी जेवून, सावकाश पिणारा, गाडीची किल्ली घरी ठेवणारा आणि निम्म्यावर झाकण लावणारा त्यातल्या त्यात शहाणा. पव्व्याला परत झाकण लागलेलं मी तरी पाहिलं नाही.

बाया त्याला आडवं करू शकतात. 2008 च्या शासन आदेशाने गावात मतदान घेता येतं. उभी बाटली की आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकानाला कुलूप. मग हा शेजारच्या गावाहून मोटरसायकलच्या डिक्कीत येतो.

खरा चिवटपणा तो जाताना दाखवतो. रोज पिणाऱ्याने दारू सोडायची म्हणून शेगावला जाऊन माळ घातली, घरात शिरा झाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात, कुणाला फिट येते. बाहेरची बाधा म्हणून नातेवाईक सैलानीच्या दर्ग्याची वाट धरतात. ही बाधा पव्व्याचीच. रोजची दारू एकदम तुटली की असं होतं, आणि उपचार नाही झाले तर माणूस दगावू शकतो. गाडी करायचीच तर बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे करावी, निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावावा. गळ्यातली माळ डॉक्टर काढायला लावत नाहीत.