उंचीचा साक्षीदार

आपली उंची किती, हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची हौस मनुष्यमात्रास आहे. स्वतःच्या मोजमापावर त्याचा विश्वास नसतो असें नाहीं. पण तेंच माप परक्याच्या मुखांतून आलें म्हणजे त्यास प्रमाणाचें मोल चढतें. या हौशींत गैर कांहीं नाहीं. मात्र ज्याच्या तोंडून आपण ऐकतों, त्याला तें कोणीं सांगितलें याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

आम्हीं आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकविलें. विमानविद्येशीं आमचा संबंध प्रवाशापुरताच. तथापि विमानांच्या उंचीसंबंधीं अलीकडे जें वाचनांत आलें, त्यानें आमच्या मनाची चांगलीच पकड घेतली. विमानतळावरील रडार आकाशांत नजर टाकतें आणि विमान कोठें आहे, किती उंच आहे, हें सारें स्वतः पाहून घेतें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. रडारास विमानाची दिशा व अंतर कळतें. उंचीसाठीं मात्र तें विमानालाच प्रश्न करतें. विमानांतील ट्रान्सपाँडर नांवाचें यंत्र उत्तर पाठवितें, आणि तो आंकडा नियंत्रकाच्या पडद्यावर उमटतो. आतां ट्रान्सपाँडरास तरी उंची कोण सांगतो? विमानाच्या अंगावर बारीक छिद्रें असतात. त्यांतून बाहेरच्या हवेचा दाब आंत कळतो. वर जावें तसा दाब कमी होतो, आणि त्यावरून उंचीचा आंकडा निघतो. म्हणजे पडद्यावरचा आंकडा हा मूळचा विमानाचाच जबाब. कचेरींत अर्जदाराचाच मजकूर शिक्का मारून त्याला परत मिळावा, तशांतला हा प्रकार.

१९९६ सालानें या बाबतींत मोठी क्रूर शिकवण दिली. त्या वर्षीं १२ नोव्हेंबर रोजीं हरियाणांतील चरखी दादरीच्या आकाशांत सौदी अरेबियाचें बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचें इल्यूशिन ७६ हीं विमानें परस्परांवर आदळलीं. ३४९ माणसें प्राणांस मुकलीं. सौदी विमान दिल्लीहून निघून वर चढत होतें. त्यास १४,००० फुटांवर थांबविलें होतें. कझाक विमान दिल्लीकडे उतरत होतें. त्यास १५,००० फुटांची आज्ञा होती. मध्यें हजार फुटांचें काय तें अंतर. पण कझाक विमान आपली मर्यादा ओलांडून खालीं आलें. दिल्लीच्या रडारावर तेव्हां उंची दिसतच नसे. वैमानिक तोंडानें सांगतील तीच खरी. त्यांतहि कझाक विमानांत जो रेडिओवर बोलत होता, त्याच्यापुढें स्वतःचें उंचीमापक नव्हतें. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्यास आंकडा पाहावा लागे. पुढें न्यायमूर्ति लाहोटी यांनीं चौकशी केली. उंची दाखविणारें रडार दिल्लीस आलें. टक्कर टाळण्याची सूचना देणारें यंत्रहि विमानांत सक्तीचें झालें. हें सर्व उत्तमच झालें. पण तें यंत्रसुद्धां समोरच्या विमानाच्या शब्दावरच चालतें, हें विसरून चालणार नाहीं.

कारण त्याच वर्षीं, चाळीसएक दिवस आधीं, २ ऑक्टोबरच्या रात्रीं पेरू देशांत निराळाच प्रकार घडला होता. एरोपेरू कंपनीचें बोइंग ७५७ लिमाहून सँटियागोस निघालें. विमान धुतांना हवेच्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढावयाची राहिली. आकाशांत जातांच वेगाचे व उंचीचे आंकडे भलतेंच बोलूं लागले. एक इशारा म्हणे वेग फार झाला. दुसरा म्हणे वेग फार कमी. खालीं काळा समुद्र, वर काळें आकाश. अशा वेळीं शहाणा मनुष्य करील तेंच वैमानिकांनीं केलें. त्यांनीं नियंत्रकास आपली उंची विचारली. त्यानें पडद्याकडे पाहून सांगितली. अखेरीस ९,७०० फूट असें उत्तर आलें, आणि थोड्याच वेळांत विमानाचा पंख पाण्यास लागला. ७० जीवांपैकीं एकहि वांचला नाहीं.

नियंत्रक खोटें बोलला नव्हता. विमानानें त्यास जें सांगितलें, तेंच त्यानें विमानास सांगितलें. आपले नैयायिक या दोषास आत्माश्रय म्हणतात. वस्तूची सिद्धि त्याच वस्तूवर टेकवावयाची! पण आम्हांस सलतें तें याहून वेगळें. त्या विमानांत एक यंत्र खरें बोलत होतें. रेडिओ-उंचीमापकाचा हवेच्या दाबाशीं संबंध नसतो. तें लहर खालीं सोडतें आणि ती परत आली म्हणजे अंतर ठरवितें. त्याच्या आधारें 'फार खालीं आलांत' अशी सूचना होत होती. परंतु एकीकडे इशाऱ्यांचा गलबला आणि दुसरीकडे नियंत्रकाचा शांत, सभ्य, आंकडेवार आवाज. कोणावर विसंबावें? त्या वैमानिकांस दोष देण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

होणार कसें? आमच्या महाविद्यालयीन जगांत हा व्यवहार वार्षिकच आहे. प्राध्यापकानें आपल्या कार्याचा तक्ता आपणच भरावा. समितीनें त्यांतील गुणांची बेरीज करावी. ती अहवालांत छापून यावी. आणि स्नेहसंमेलनांत पाहुण्यांनीं तोच अहवाल वाचून आमचा गौरव करावा. टाळ्या पडत असतां आम्हांसहि वाटतें, खरेंच कीं, आपण बरेच वर आलों! शेवटच्या बाकावर जांभई देणारा विद्यार्थी हें आमचें रेडिओ-उंचीमापक. पण त्याची नोंद कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं.

ही झाली थट्टेची गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंची गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. सत्तरी उलटल्यावर त्यांना दम लागूं लागला. ते टेलिफोनवरून डॉक्टरांस कळवीत, "प्रकृति उत्तम." डॉक्टर म्हणत, "मग काळजी नाहीं." आणि दादा वहिनींस सांगत, "डॉक्टर म्हणतात, काळजी नाहीं." वहिनींनीं मात्र एवढेंच पाहिलें कीं, देवळाच्या ज्या पायऱ्या दादा गेल्या चैत्रांत एका दमांत चढले, त्यांवर यंदा ते दोनदां थांबले, आणि दोन्ही वेळां चपलेचा अंगठा नीट करण्याचें निमित्त केलें. "भावोजी, तुम्हीच यांना घेऊन चला," असें त्या आम्हांस म्हणाल्या. दादा संतापले. डॉक्टरांच्या शब्दापुढें पायऱ्यांचा पुरावा काय आणतेस, म्हणाले. तरी आम्हीं त्यांस नेलें. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बुजल्या होत्या. शस्त्रक्रिया वेळेवर झाली.

विमानांच्या जगानेंहि आतां कांहीं ठिकाणीं जमिनीवर अशीं केंद्रें उभारलीं आहेत, जीं विमानाच्या उंचीमापकाचा शब्द प्रमाण न मानतां वरून जाणाऱ्या विमानाची उंची आपल्या साधनांनीं मोजतात. आमच्या मतें प्रत्येक घरांत असें एक केंद्र असावें. त्याचा आवाज गोड नसेल, तें अवेळीं बोलेल, त्याच्या हातीं प्रशस्तिपत्रक नसेल. दादांना हें पटलें आहे. परवां कोणी प्रकृतीची चौकशी केली, तेव्हां 'उत्तम' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, पण ते थांबले आणि म्हणाले, "हिला विचारा."