366 ने भागणारा कमिट

पतसंस्थांच्या ठेवींचं ते सॉफ्टवेअर आमच्या टीमकडे देखभालीला आलं, तेव्हा ते लिहिणारी बहुतेक माणसं नोकरी सोडून गेली होती. विचारायला कुणी नव्हतं. होता तो गिटमधला, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनातला, इतिहास. तो नीट वाचायची वेळ 2024 च्या मार्चमध्ये आली. एका पतसंस्थेतून फोन आला, मुदत संपलेल्या ठेवींवर व्याज कमी पडतंय. एक लाखावर द.सा.द.शे. 9 दराने 90 दिवसांचे 2219 रुपये 18 पैसे व्हायला हवेत, आमची पावती 2213 रुपये 11 पैसे दाखवत होती. सहा रुपयांसाठी ठेवीदार काउंटरवर भांडतो, आणि भांडावंच त्याने.

लीप वर्षाचा संशय लगेच आला. पण दिवस मोजणारा कोड इतक्या ठिकाणी विखुरलेला, की नुसतं शोधून हाती काही लागेना. त्यात माझं पासबुक छपाईचं काम अर्धवट पडलेलं. लीड मॅडम म्हणाल्या, "आधी स्टेटस बघ गं, मग हात लाव." ‘गिट स्टेटस’ मी दिवसभर मारतच असते, आपण कुठल्या ब्रँचवर आहोत आणि काय बदलून ठेवलंय, एवढं कळलं की निम्मा गोंधळ टळतो. अर्धवट काम ‘गिट स्टॅश’ने बाजूला ठेवलं. नव्या फाइल्स स्टॅश आपणहून उचलत नाही, त्याला ‘डॅश यू’ जोडावं लागतं. मग ‘गिट पुल’ आणि ‘गिट स्विच’ने नवी ब्रँच.

आता ‘गिट बायसेक्ट’, कुठल्या कमिटने, म्हणजे नोंदवलेल्या बदलाने, बिघडलं ते शोधणारी आज्ञा. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्सच्या कर्नलसाठी. जगभरातून बदल येत असताना नेमक्या कुठल्या बदलाने बिघडलं हे एकेक तपासत बसणं शक्य नसतं. बायसेक्टला एक चांगला कमिट सांगायचा, एक बिघडलेला. मधला कमिट बायसेक्ट काढून देतो. तो चांगला निघाला तर पुढचा अर्धा भाग, नाहीतर मागचा. हजार कमिट असले तरी साधारण दहा चाचण्यांत काम होतं. मी त्या लाखाच्या ठेवीचं व्याज तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि ‘बायसेक्ट रन’ला दिली. स्क्रिप्टने शून्य परत केलं तर चांगला, एक केलं तर वाईट, 125 म्हणजे हा कमिट तपासता येत नाही, सोडून दे. चहा घेऊन येईपर्यंत उत्तर तयार.

उत्तर आलं, पण काय उत्तर! कमिटचा संदेश एकच शब्द: ‘चेंजेस’. आत ढीगभर फाइल्स. कुणीतरी टॅबच्या जागी स्पेस घातल्या होत्या, त्यामुळे जवळपास प्रत्येक ओळ बदललेली दिसत होती. ‘गिट शो’ला ‘डॅश डब्ल्यू’ लावल्यावर रिकाम्या जागांचे फरक गळून पडले आणि खरा बदल दिसला. लीप वर्षात भाजक 365 ऐवजी 366. करणाऱ्याला ते अचूक वाटलं असणार. पण त्या पतसंस्थेचा नियम भाजक कायम 365 ठेवायचा होता. हे त्याला माहीत नव्हतं की कुणी तोंडी सांगितलेलं होतं, ते ‘चेंजेस’वरून कसं कळणार? बायसेक्ट कमिटपर्यंत नेतो. कमिट गोणीएवढा असेल तर पुढचं धान्य हातानेच निवडावं लागतं.

‘गिट रिव्हर्ट’ करून मोकळं व्हावं असं वाटलं. पण त्याच कमिटमध्ये वारस नोंदीची दुरुस्तीही होती. रिव्हर्टने तीही गेली असती. शेवटी एक ओळ हाताने बदलली. जाता जाता दिसलेली शुद्धलेखनाची एक चूकही सुधारली होती, म्हणून ‘ॲड डॅश पी’ने तुकडा तुकडा बघून फक्त व्याजाचा बदल घेतला, ‘डिफ डॅश डॅश स्टेज्ड’वर पुन्हा नजर टाकली आणि मग कमिट. शुद्धलेखनाचा कमिट वेगळा. संदेशात नियम, लाखाचं उदाहरण, दोन्ही रकमा, सगळं लिहिलं.

रिव्ह्यूमध्ये मॅडमनी विचारलं, "एका ओळीला एवढं रामायण?" मग स्वतःच खाली एक वाक्य वाढवायला सांगितलं: पतसंस्थेच्या ज्या ठरावात हा नियम आहे, त्याची तारीख घाल. ती मागवायला दुसऱ्या दिवशी फोन करावा लागला, तोवर पुश थांबलं.