काम कसं देणार?

पर्यावरणपूरक इमारत हवी म्हणणारा मालक आधी सोलरचं विचारतो. मी विचारते, काम कसं देणार? आयटम रेटवर, लेबर रेटवर की एकरकमी? त्याला हा नुसता पैशांचा प्रश्न वाटतो. पण इमारतीत किती सिमेंट जिरणार, ते बरंचसं तिथंच ठरतं.

रॅट-ट्रॅप बाँडचंच घ्या. विटा कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी सुटते. साधारण पाव हिस्सा विटा वाचतात, मसाला कमी लागतो, भिंतही कमी तापते. आयटम रेटमध्ये मात्र पैसे घनमीटरमागे, म्हणजे माल जास्त तितकं बिल मोठं. शिवाय बऱ्याचदा दरसूचीत नसलेला आयटम! ठेकेदार रेट ॲनालिसिस काढतो आणि वाचलेल्या विटांचे पैसे त्या दरातच मुरतात. त्याला काय बोलणार, करारच तसा.

हा बाँड केरळात रुजवणारे लॉरी बेकर शक्यतो ठेकेदार घेतच नसत. आपले गवंडी, साइटवरच रेखाटनं. त्यामुळे वाचलेली वीट मालकाची. छोट्या घराला मी म्हणूनच लेबर रेट सुचवते: माल मालकाचा, ठेकेदाराची फक्त मजुरी. मात्र मालक साइटवर हवा. नोकरी पुण्यात आणि घर कोकणात, असं असेल तर नाद सोडा.

मोठ्या कार्यालयाला हे झेपत नाही. तिथं मला अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गोल्डन इथली एनआरईएलची, म्हणजे राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेची, 2010 मधली इमारत आठवते. किंमत आधीच बांधलेली, निविदेत चौरस फुटामागे वर्षाला 25 हजार बीटीयू ऊर्जावापराचं लक्ष्य, आणि डिझाइन व बांधकाम एकाच चमूकडे. आकडा गाठायची जबाबदारी त्यांचीच, म्हणून आतपर्यंत उजेड पोचावा यासाठी इमारतीच्या विंग जेमतेम 60 फूट रुंद ठेवल्या गेल्या.

आपल्याकडे यातलं अर्धंच उचलतात. ठेका एकरकमी, ऊर्जेचा आकडा गायब. मग बजेट ताणलं की छताचं इन्सुलेशन आधी उडतं, लॉबीतला ग्रॅनाइट राहतो. आकडा लिहिला तर ताबा दिल्यावर वर्षभर मीटर वाचायचा आणि तोवर बिलातली काही रक्कम अडवायची, हेही लिहावं लागतं. यावर ठेकेदार विचारतो, "आत माणसं किती बसणार, एसी कितीवर लावणार, ते माझ्या हातात आहे का मॅडम?" रास्त आहे. म्हणून माणसं, कामाचे तास आणि एसीचं तापमान मी करारातच गृहीत धरून लिहिते. त्यापुढचा जादा वापर मालकाच्या खाती.