नेणिवेतील पाठभेद

मराठी साहित्य शिकविणाऱ्याला फ्रॉइड टाळता येत नाही. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) हाती घेतली की संज्ञाप्रवाह समजावून सांगावा लागतो. त्यासाठी विल्यम जेम्सपर्यंत मागे जावे लागते, आणि जेम्स आला की फ्रॉइड न बोलावताही मागोमाग येऊन बसतो. मग फळ्यावर जाणीव आणि नेणीव अशी दोन खणांची आकृती निघते. ‘नेणीव’ हा शब्द आपल्याकडे संतवाङ्मयापासूनचा. तेथे त्याचा अर्थ अज्ञान, न जाणणे. फ्रॉइडची नेणीव मात्र निव्वळ न जाणणे नव्हे. जे आत कोठेतरी ठाऊक आहे, परंतु ठाऊक असल्याचे स्वतःलाच कळू द्यायचे नाही, ते या खणात जाते. हा फरक आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना समजावीत आलो. स्वतःला तो समजला २०२४ च्या जानेवारीत, आणि तोही भर सभेत.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात प्रमुख पाहुणीचा परिचय करून देण्याचे काम आमच्याकडे होते. पाहुणी आमचीच विद्यार्थिनी. आता एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकविते. ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिलो आणि तिचे नाव आठवेना. चमत्कारिक गोष्ट अशी की, समोर बसलेल्या तिच्या चेहऱ्याहूनही स्पष्ट डोळ्यांपुढे आली ती तिची निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही, कोपरा दुमडलेली. अखेर ‘सु’ने सुरू होणारे एक नाव तोंडातून गेले. तिचेही नाव ‘सु’नेच सुरू होते, पण ते हे नव्हे. सभागृह हसले, तीही हसली, कार्यक्रम पुढे सरकला. आम्ही मात्र खुर्चीवर बसल्या बसल्या सिन्योरेल्लीपाशी जाऊन पोहोचलो.

फ्रॉइडच्या वाचकांना ही हकीकत परिचित असेल. रागूसाहून, म्हणजे आजच्या दुब्रोव्निकहून, हर्झेगोविनाकडे घोडागाडीने जाताना सहप्रवाशाशी बोलता बोलता ओर्विएतोच्या कॅथीड्रलमधील अंतिम न्यायाच्या भित्तिचित्रांचा विषय निघाला आणि फ्रॉइडला चित्रकाराचे नाव आठवेना. सिन्योरेल्लीऐवजी बोत्तिचेल्ली आणि बोल्त्राफ्फिओ ही दोन नावे पुढे येत राहिली. चित्रे मात्र, विशेषतः चित्रकाराने त्यांत रंगविलेली स्वतःची मूर्ती, नेहमीपेक्षा अधिक ठळक दिसत होती. १८९८ साली यावर त्याने एक लेख लिहिला. दैनंदिन जीवनातील चुकांवरील त्याच्या १९०१ च्या ग्रंथाचा आरंभही याच हकीकतीने होतो. त्याचे स्पष्टीकरण असे: त्याआधी बोलणे बोस्नियातील तुर्कांच्या मृत्यूविषयीच्या वृत्तीवर चालले होते. त्यांतले लोक डॉक्टरला ‘हेर’, म्हणजे ‘साहेब’ म्हणत. इटालियनमध्ये हेच ‘सिन्योर’. कामजीवनाविषयीची दुसरी एक गोष्ट सांगायची त्याने टाळली. शिवाय त्याच्या एका रुग्णाने आत्महत्या केल्याची वार्ता त्याला ट्राफॉई या गावी मिळाली होती, आणि ती त्याला आठवायची नव्हती. दडपलेल्या या विचाराने जाता जाता ‘सिन्योर’ला बरोबर ओढून नेले, बोस्नियाचा ‘बो’ आणि ट्राफॉईचा ‘त्राफ्फि’ तेवढे वर तरंगत राहिले.

हे विवेचन वर्गात सांगितले की मुले थक्क होतात. आम्ही त्याला लागूनच सेबास्तियानो तिम्पानारोचेही नाव घेतो. हा इटालियन पंडित पाठचिकित्सक; मुद्रिते तपासण्याचे कामही त्याने केले. १९७४ साली त्याने फ्रॉइडच्या या चुकांवर एक पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे साधे आहे: जुन्या पोथ्यांच्या नकला करणारे लेखनिक शतकानुशतके अशाच चुका करीत आले. अपरिचित शब्द समोर आला की हात त्याच्या जागी ओळखीचा शब्द लिहून जातो. सिन्योरेल्लीपेक्षा बोत्तिचेल्ली प्रसिद्ध, शेवटही सारखा. मृत्यू आणि काम यांना मध्ये आणण्याचे कारण काय? मराठीच्या अभ्यासकाला हे नवे नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली ती पाठ भ्रष्ट होत गेले म्हणूनच. म्हणून तर पाठचिकित्सेत अवघड पाठाला अधिक मान असतो. सोपा पाठ बहुधा कुणीतरी मागाहून घातलेला असतो.

तिम्पानारोच्या न्यायाने आम्ही निर्दोष ठरत होतो. आमच्या तोंडून गेलेले नाव हजेरीपटावर दरवर्षी दोन-तीनदा तरी येते; तिचे नाव विरळा. सामान्य नावाने विरळ्या नावाची जागा घेतली, इतकेच. परंतु या निकालाने समाधान होईना, कारण ती निळी वही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

गोष्ट २०१० ची. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन आमच्याकडे होते. तिने त्या वहीत एक कथा लिहून आणली होती: जुना वाडा, मागल्या अंगणात फळ्यांनी झाकलेली विहीर, संध्याकाळी तेथे कान देऊन उभी राहणारी मुलगी, आणि मागल्या दारापर्यंत येऊन थबकणारे वडील. आमचे वाचन तेव्हा ताजे होते. स्टाफरूममध्ये चार सहकाऱ्यांदेखत आम्ही तिला विहीर म्हणजे काय, फळ्या म्हणजे काय आणि वडील दाराशी का थबकतात, हे सारे उलगडून दाखविले. सहकारी कौतुकाने ऐकत होते. तिने फक्त विचारले, “वही देता का, सर?” कथा अंकात आली नाही. पुढे वर्षभर ती पहिल्या बाकावर बसत असे. लिहिलेले मात्र तिने आम्हांला पुन्हा काही दाखविले नाही. आणि आम्ही, सोयीस्करपणे, हे विसरून गेलो.

मेळाव्यानंतर चहाच्या वेळी आम्ही नावाबद्दल क्षमा मागितली. “नावाचं काय एवढं, सर,” ती म्हणाली. मग धीर करून वहीचा विषय काढला. ती थोडा वेळ कपाकडे पाहत राहिली.

“आमच्या वाड्यात खरंच विहीर होती, सर. धाकटा भाऊ तिच्यात पडला होता. वाचला तो. पण वडील पुन्हा कधी मागच्या दाराबाहेर गेले नाहीत.”

यावर आम्हांला काही बोलता आले नाही. त्या वाक्याने आमची चूक नेमकी कोणती, हे मात्र कळले. फ्रॉइडने सिन्योरेल्लीचे कोडे सोडविले ते स्वतःला प्रश्न विचारून. ट्राफॉईची अप्रिय वार्ता त्याने स्वतःच्या मनातून वर काढली. स्वप्नाच्या बाबतीतही त्याची पद्धत स्वप्न पाहणाऱ्याला आधी बोलते करण्याची. दोस्तोयव्हस्कीवरील १९२८ च्या निबंधात तर कलावंताच्या निर्मितीपुढे मनोविश्लेषणाला शस्त्रे खाली ठेवावी लागतात, अशी कबुली त्याने दिली आहे. आम्ही शस्त्रे तेवढी उचलली आणि एका एकोणीस वर्षांच्या मुलीवर चालविली. प्रश्न एकही विचारला नाही.

तिम्पानारोच्या भाषेत सांगायचे तर आम्हीच तो घाईचा लेखनिक. तिची विहीर हा अवघड पाठ होता, एकाच घरातला, एकाच भीतीचा. त्या जागी आम्ही पुस्तकातून पाठ झालेली विहीर लिहून टाकली. नेणिवेचा शोध घेतो आहोत असे वाटत असताना प्रत्यक्षात ओळखीचा शब्द अनोळखी शब्दावर बसवीत होतो. तिचे नाव आम्ही अपराधाच्या टोचणीने विसरलो की केवळ ते विरळे म्हणून, हे सिद्ध करणे अशक्य आहे. मात्र १४ वर्षांपूर्वी तिच्या कथेचे जे झाले तेच त्या दिवशी तिच्या नावाचे झाले, एवढे आम्हांला दिसते.

निघताना तिला विचारले, “आता लिहितेस का?”

“मुलांना लिहायला लावते,” ती म्हणाली. “आणून दिलं की वाचते, आणि एवढंच विचारते, पुढे काय झालं?”

फळ्यावरची दोन खणांची आकृती आम्ही अजूनही काढतो. नंतर एखादा विद्यार्थी वही घेऊन आला, तर हाच प्रश्न विचारण्याचा प्रयत्न करतो. तो जमतोच असे नाही. असो.