मशागत केव्हापासून?

वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी गेलेली मुले आता आपल्या वऱ्हाडात नवलाची राहिलेली नाहीत. जॉर्जिया, रशिया, किर्गिझस्तान ही नावे अचलपूर-परतवाड्याच्या घरांतून सहज उच्चारली जातात. मुलगा विमानात बसला की आईवडिलांना तो निम्मा डॉक्टर झाल्यासारखाच वाटतो. परंतु परदेशची पदवी हाती आली म्हणून स्वदेशात रुग्णाच्या नाडीला हात लावता येत नाही. त्यासाठी 2002 सालापासून एक चाळणी परीक्षा आहे, आणि अलीकडच्या बहुतेक सत्रांत चारांपैकी सुमारे तिघे त्या चाळणीतून पार पडत नाहीत.

माझा पुतण्या जॉर्जियात दुसरे वर्ष संपवून सुटीत घरी आला होता. त्याच्या शिक्षणासाठी माझ्या धाकट्या भावाने कर्ज काढले आहे आणि संत्र्याच्या बागेतील दोन एकर विकले आहेत. "दादा, त्या परीक्षेचे पदवीनंतर पाहू. सहा महिने नागपूरला शिकवणी लावू," असे भाऊ म्हणाला. पुतण्याने मात्र हळूच विचारले, "मोठे बाबा, खरोखर केव्हा सुरुवात करावी?" मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले, वैद्यक नव्हे. म्हणून मत देण्याआधी मी त्याच्याकडून परीक्षेचा आराखडाच मागवून घेतला.

एकाच दिवशी 300 प्रश्न, दोन भागांत. उत्तीर्ण होण्यास 150 गुण हवेत. त्या 300 गुणांपैकी 100 गुण शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि न्यायवैद्यक या विषयांचे असतात. म्हणजे तिसरा हिस्सा बहुतांशी आरंभीच्या वर्षांत शिकलेल्या विषयांचा. जो विद्यार्थी पदवीनंतर पुस्तक उघडतो, त्याला या विषयांची उजळणी करायची नसते; ते मुळापासून पुन्हा शिकायचे असतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सामाजिक वैद्यकाला 30 गुण आहेत, प्रसूतिशास्त्राला आहेत तितकेच. आपल्या देशाचे लसीकरणाचे वेळापत्रक, क्षयनिर्मूलनाचा कार्यक्रम, बालकांचे कुपोषण यांवर तिथे प्रश्न येतात. हे तिबिलिसीच्या प्राध्यापकांनी का शिकवावे? सर्पदंश, हिवताप, सिकलसेल हे तिथल्या रुग्णालयात क्वचितच दिसणार. इकडे मेळघाट तर आपल्या उंबरठ्यावर आहे.

"आता कायदाच बदलणार, मग आतापासून कशाला?" असा युक्तिवादही भावाने केला. 2019 च्या कायद्याने देशात व परदेशात शिकलेल्या सर्वांसाठी एकच अंतिम परीक्षा योजिली आहे, हे खरे. 2023 साली तिचे नियम प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर ती लांबणीवर पडली. परंतु परीक्षेचे नाव बदलले म्हणून हृदयाचे कप्पे बदलत नाहीत.

अखेर मी भावाला म्हणालो, "संत्र्याचे कलम लावल्यावर चार-पाच वर्षे फळ हाती येत नाही. म्हणून आळे करणे, पाणी देणे तू पाचव्या वर्षावर ढकललेस का?" भाऊ काही बोलला नाही, पण शिकवणीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मग आम्ही तिघांनी बसून ठरविले ते असे. वर्गात जो धडा होईल, त्यावरील वीस-पंचवीस प्रश्न त्याच आठवड्यात भारतीय पुस्तकातून सोडवावेत. प्रत्येक सुटीत सामाजिक वैद्यकाचा एक भाग संपवावा, आणि परवानगी मिळाल्यास उपजिल्हा रुग्णालयात उभे राहून रुग्ण पाहावेत. तिसऱ्या वर्षापासून मागील विषयांची उजळणी थांबवू नये. शेवटच्या वर्षी घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. शिकवणी लावायचीच तर ती यानंतर.

ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आईवडिलांना माझे एवढेच सांगणे आहे की फोनवर जेवणाखाण्याबरोबर याचीही विचारपूस करावी. सहा महिन्यांत पाठ केलेले उत्तर परीक्षेपुरते आठवेलही. पण अपरात्री घटांगच्या वळणांवरून सर्पदंशाचा रुग्ण खाली आणला जाईल, तेव्हा त्याच्यापुढे उभ्या असलेल्या डॉक्टरला पहिल्या वर्षापासूनचे सारे शिक्षण लागेल.