दुखरा गुडघा आणि डॉक्टरचा दाखला

क्रिकेटपटूची पाठ खरोखर दुखते आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? 2024 सालच्या फेब्रुवारीत मुंबईतल्या पुष्कळ घरांतून या प्रश्नावर वाद रंगले. आमच्याही घरात रंगला. श्रेयस अय्यर इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या खेळला आणि पुढच्या कसोट्यांसाठी संघाबाहेर राहिला. मुंबईच्या रणजी संघाचा बडोद्याशी उपान्त्यपूर्व सामना तोंडावर आला होता. अय्यरने पाठ दुखते असे कळवले. तिकडे बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीने लिहिले की, गडी तंदुरुस्त आहे, नवी दुखापत काही नाही. झाले! एक पाठ आणि तिच्याविषयी दोन मते. 28 फेब्रुवारीला क्रिकेट मंडळाने वार्षिक कराराची यादी जाहीर केली, तीत अय्यरचे नाव नव्हते. झारखंडच्या ईशान किशनचेही नव्हते. कारण मंडळाने दिले नाही. मात्र देशासाठी खेळत नसताना खेळाडूंनी देशांतर्गत सामन्यांना प्राधान्य द्यावे, अशी शिफारस त्याच पत्रकात होती. समजणाऱ्याने समजायचे ते समजावे.

आमचे चिरंजीव म्हणाले, "पैसा झाला की पाठ दुखते." सौभाग्यवतींचे मत नेमके उलट. गेल्याच वर्षी ज्या मुलाच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, त्याची पाठ दुखणार नाही तर काय तुमची दुखणार, असा त्यांचा सवाल होता. मी गप्प राहिलो. पुढे मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्ध अंतिम सामना झाला, त्यात अय्यरने दुसऱ्या डावात 95 धावा काढल्या आणि मुंबईने रणजी करंडक 42 व्या वेळी जिंकला. चिरंजीव विजयी मुद्रेने आईकडे पाहू लागले. पण त्याच सामन्याच्या शेवटच्या दिवसांत अय्यर क्षेत्ररक्षणाला उतरला नाही. पाठीने पुन्हा उचल खाल्ल्याचे वर्तमानपत्रांनी छापले. आता विजयी मुद्रा सौभाग्यवतींची! पंच्याण्णव धावा काढणारी पाठ आणि दुखणारी पाठ एकच असू शकते, हे मात्र दोघांपैकी कोणीच कबूल केले नाही. एप्रिल 2025 मध्ये मंडळाने अय्यरला पुन्हा करारात घेतले, तेव्हा हा वाद आमच्या घरात शिळा झाला होता.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याने त्याच सुमारास मला एका निराळ्याच खेळाची हकिकत कळवली. त्याला स्पीडवे म्हणतात. ब्रेक नसलेल्या मोटारसायकली, मातीचा लंबगोल मार्ग, चार स्वार, चार फेऱ्या. सगळा खेळ मिनिटभरात आटोपतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. ब्रिटनमध्ये 1928 साली हाय बीच येथे तो गाजला आणि पुढे वेम्ब्लीसारखी मैदाने त्याने तुडुंब भरली. आज तेवढी गर्दी नाही, पण लीग चालू आहे. गंमत अशी की तिथला चांगला स्वार एकाच मोसमात ब्रिटन, पोलंड, स्वीडन असा तीन-तीन देशांतल्या संघांकडून खेळतो. आठवडाभर त्याचा मुक्काम विमानात आणि मोटारीत. मग सोमवारी इंग्लंडात "अंग ठीक नाही" म्हणून कळवणारा स्वार त्याच आठवड्यात पोलंडमध्ये धुरळा उडवताना दिसला की प्रेक्षक खवळतात. त्यासाठी तेथे नियम आहेत. आजारी असाल तर डॉक्टरचा दाखला दाखवा. दाखला नाही आणि गैरहजर राहिलात, तर काही दिवस बंदी. आणि आजारी गड्याच्या जागी कोण उतरू शकतो याचेही बारीक नियम: दुसऱ्या संघाकडून पाहुणा स्वार आणायचा, की त्याच्या फेऱ्या आपल्याच गड्यांत वाटून द्यायच्या. त्यावर तिथले शौकीन आपल्याकडे पत्रिका जुळवताना घालतात तेवढा घोळ घालतात.

भाच्याला वाटले, मामाला हे सगळे नवे वाटेल. मला त्यात नवे काहीच वाटले नाही. हे सारे मी दासगावात लहानपणी पाहिलेले आहे. फक्त मोटारसायकल नव्हती.

दासगाव म्हणजे सावित्रीच्या काठचे आमचे गाव. महाडच्या अलीकडे, मुंबई-गोवा रस्त्यावर. एके काळी गावाला बंदर म्हणून मान होता. 1927 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रहासाठी मुंबईहून बोटीने आले, ते दासगावलाच उतरले आणि तेथून पाच मैल पायी महाडला गेले. 2005 च्या जुलैत दरड कोसळून गावातली घरेच्या घरे गाडली गेली, तेव्हा गावाचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले. एरवी दासगावची ओळख आजूबाजूच्या गावांसारखीच: शेत थोडे, पाऊस फार, आणि घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत.

आमचे काका त्यांतलेच. लालबागला एका गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळत असत. त्या काळी नोकरीत खेळाला किंमत होती. चांगल्या गड्याला खात्यात हलके काम मिळे, सरावाला सवलत मिळे, आणि बदलीचा कायम व्हायला खेळ उपयोगी पडे. हा बदली शब्द तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. कायम कामगार गैरहजर राहिला की त्याच्या साच्यावर उभा राहणारा तो बदली. 1935 पासून मुंबईच्या गिरणी मालकांनी त्याची रीतसर पद्धत बसवली होती. बदलीने रोज सकाळी कार्ड घेऊन दरवाज्यावर हजर व्हायचे. कोणी आले नसेल तर काम, सगळे आले असतील तर घरी. एकाची रजा ही दुसऱ्याची भाकरी असे. त्यामुळे कोकणातला कामगार शिमग्याला गावी निघाला की बदली मंडळींच्या घरी सण सुरू होई.

आणि शिमग्याला रजा मागणारे तरी किती! सगळ्यांना कशी मिळणार? मग आजारपण उपयोगी पडे. कामगार राज्य विमा योजना मुंबईत 1954 साली आली, आणि पॅनेल डॉक्टरच्या दाखल्याला पैशाचे मोल आले. आजारपणाच्या दिवसांचा काही भत्ता मिळू लागला. कायदा मात्र भोळा नव्हता. भत्ता घेणाऱ्याने उपचार चालू ठेवावेत, बरे होण्याच्या आड येईल असे काही करू नये, आणि डॉक्टरच्या परवानगीवाचून गाव सोडू नये, असे 1948 च्या त्या कायद्यात लिहिलेलेच होते. लिहिणाऱ्याने बहुधा शिमगा पाहिला असावा.

काकांचा गुडघा मात्र खराच दुखावला होता. 1964-65 च्या सुमाराची गोष्ट. गिरण्यांच्या एका सामन्यात चढाईच्या गड्याचा घोटा धरताना दोघे अंगावर पडले आणि गुडघा वळला. पॅनेल डॉक्टरने तपासून पंधरा दिवस विश्रांती लिहून दिली. काकांनी गावी जाण्याची परवानगीही रीतसर काढली. आई तेल लावील, शेक देईल, हे कारण डॉक्टरलाही पटले. एस. टी. ने लंगडत काका दासगावला उतरले. शिमग्याला चार दिवस होते, हा योगायोग.

त्या वर्षी खाडीपलीकडच्या गावाशी आमच्या गावाचा सामना ठरलेला. सामना कसला, इभ्रतीचा प्रश्न! देवळापुढच्या पटांगणात गॅसबत्त्या टांगलेल्या, पालखीला आलेली सगळी माणसे कडेने बसलेली. आणि आमचा सातवा गडी मुंबईहून आलाच नाही. त्याला गिरणीने रजा नाकारली होती, आणि दाखला मिळवण्याइतका तो धीट नव्हता. सहा गड्यांनिशी कसे उतरायचे? गावकीची चार वडीलधारी माणसे आमच्या ओटीवर येऊन बसली. "खेळ" असे एकानेही म्हटले नाही. पाऊसपाण्याचे बोलले, आंब्याच्या मोहोराचे बोलले, आणि उठताना एक म्हातारबाबा म्हणाले, "गुडघा कसा हाय रं आता?" काकांनी आजीकडे पाहिले. आजी आत निघून गेली. काका म्हणाले, "कोपऱ्यात नुसता उभा ऱ्हातो. चढाई करणार नाय."

नुसता उभा! उजव्या कोपऱ्याचा गडी नुसता उभा राहतो तो बाद होईपर्यंत. मी तेव्हा आठनऊ वर्षांचा होतो. बत्तीच्या खांबाला टेकून मी सारा खेळ पाहिला. काकांनी खरोखरच एकही चढाई केली नाही. पण पकडी तीन घेतल्या, आणि तिसरीला समोरचा गडी मध्यरेषेपासून हातभर अंतरावर थांबला. गाव जिंकला. रात्री गुडघा नारळाएवढा सुजला होता. आजी आंबेहळदीचा लेप लावत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. काका कण्हत होते आणि मधून मधून हसत होते.

शिमग्याला अर्धे लालबाग आमच्या खाडीकाठी उतरलेले असते. काका मुंबईला पोचण्याआधी त्यांच्या पकडी गिरणीत पोचल्या होत्या. संघाची देखरेख करणाऱ्या साहेबांनी बोलावून घेतले. "गुडघा दुखतो म्हणून दाखला देतोस, आणि गावी जाऊन पकडी घेतोस?"

काका म्हणाले, "दुखत होता म्हणून कोपऱ्यात ऱ्हायलो, साहेब. नायतर चढाया केल्या असत्या."

उत्तर खरे होते, म्हणूनच साहेब जास्त चिडले. एक मोसम संघाबाहेर, अशी शिक्षा झाली. त्याचे काकांना फार वाटले नाही. वाटले ते पॅनेल डॉक्टरचे. तो भला माणूस. काका दाखवायला गेले तेव्हा त्याने सुजलेला गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाला, "तुझा गुडघा खरा होता, माझा दाखलाही खरा होता. पण उद्या तुझ्यामागून खरा आजारी येईल त्याच्या दाखल्याला कोण विचारील? खाली नाव माझं आहे." काका ही गोष्ट पुढे अनेकदा सांगत, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरचेच म्हणणे बरोबर होते असे म्हणत. मग त्याच दमात, "पण सातवा गडी नव्हता ना!" असेही म्हणत. ही दोन्ही वाक्ये एका माणसाच्या तोंडी कशी, हे मला तेव्हा कळत नसे. आता कळते. कागदावर तंदुरुस्त किंवा नादुरुस्त यांपैकी एकच शब्द लिहिता येतो. गुडघा बिचारा दोन्ही असतो. स्पीडवेचा एक ऑस्ट्रेलियन स्वार, ब्लूई विल्किन्सन, 1938 साली वेम्ब्लीला जगज्जेता झाला तो हासळीचे हाड मोडलेले असताना. त्या दिवशी डॉक्टरने काय लिहून द्यायला हवे होते?

या बाबतीत बैलांचे बरे. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर अनेक वर्षे बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्राला परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आता शर्यतीआधी पशुवैद्याने बैल तपासून दाखला द्यावा लागतो. धाव हजार मीटरांहून जास्त नको, चाबूक नको. बैल दाखला मागायला जात नाही, आणि त्याच्या दारी गावकीही येऊन बसत नाही. बाकी कबड्डी हा खेळही गैरहजेरीच्या बाबतीत मोठा उदार आहे. गडी बाद झाला की बाहेर बसतो. आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की पुन्हा आत येतो. कुठे होतास, असे त्याला कोणी विचारीत नाही.

काका बाहेर बसले त्या मोसमात उजव्या कोपऱ्यात एक पोलादपूरकडचा पोरगा उभा राहिला. गिरणीत तो बदली होता, संघातही बदलीच. हाडापेराने चांगला, पण घाई फार. काका संध्याकाळी काठी टेकत मैदानावर जात आणि त्याला पाय कुठे ठेवायचा ते दाखवीत. साहेबांनी बंदी खेळायची घातली होती, शिकवायची नव्हे. मोसम संपला तेव्हा पोरगा कायम झाला होता; साच्यावरही आणि कोपऱ्यावरही. काका पुढे दोनतीन मोसम खेळले, पण डाव्या कोपऱ्यात. काकी मात्र वर्षानुवर्षे म्हणत, "आपली जागा आपल्या हातानं देऊन आले." दर दिवाळीला तो पोरगा मिठाईचा पुडा घेऊन चाळीत येई, आणि काकी त्याला पहिला फराळ वाढीत, ते निराळे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. लाखावर माणसे एकदम गैरहजर, आणि दाखला कोणाकडेच नाही! दोघेही त्यानंतर गावी परतले. एक दासगावला, एक पोलादपूरकडे. गुडघ्यामुळे काकांना मांडी घालता येत नसे. ते जेवायलाही स्टुलावर बसत.

2014 साली दूरदर्शन संचावर प्रो कबड्डी सुरू झाली. मी त्या वर्षी दासगावला होतो. पोलादपूरकर मुद्दाम एस. टी. ने सामना बघायला आले होते. गुडघ्याला जाड पट्टी बांधलेला एक गडी कोपऱ्यात उभा होता आणि पट्टीच्या पायावर भार द्यायचे टाळत होता.

"खेळू दे त्याला," पोलादपूरकर म्हणाले. "रग हाय त्याच्यात. अण्णा, तुम्ही नव्हता खेळलात?"

काका पडद्याकडे बघत राहिले. "बसव रे त्याला," ते तिथल्या प्रशिक्षकाला ओरडून म्हणाले, "बाकावर पाच जण बसलेत की!"